फुकटचा उतार

घाट चढायला पैसे पडतात आणि उतरायला पडत नाहीत, या समजावर आपल्याकडचा निम्मा मालवाहतुकीचा धंदा उभा आहे. चढणीला गाडी कण्हत असते तेव्हा मालक, ड्रायव्हर आणि क्लीनर तिघांचंही लक्ष डिझेलच्या काट्यावर असतं. माथ्यावर चहा होतो. मग गाडी न्यूट्रल होते, इंजिन गप्प होतं आणि तिघांच्याही चेहऱ्यावर परक्याच्या लग्नात जेवून निघालेल्या माणसाचं समाधान पसरतं.

या समाधानात मिठाचा खडा टाकणारं एक यंत्र आहे. त्याला एक्झॉस्ट ब्रेक म्हणतात. मी ते माझ्या दहाचाकीला बसवून घेतलं. तेव्हापासून मिस्त्री नाराज आहे, वायरमन नाराज आहे, ड्रायव्हर नाराज आहे आणि ज्यांची माझी ओळखदेख नाही असे मागून येणारे कारवालेही नाराज आहेत. माझी स्वतःची कोणाविरुद्ध तक्रार नाही. घडलं ते फक्त क्रमाने नोंदवून ठेवतो.

आधी यंत्राविषयी. पेट्रोलच्या गाडीत ॲक्सिलरेटरवरचा पाय काढला की थ्रॉटल मिटतो, हवेची वाट अडते आणि इंजिनच गाडीला मागे ओढू लागतं. डिझेल इंजिनात अशी अडवणूक नसते. हवा मोकळी आत येते, मोकळी बाहेर जाते. त्यामुळे भरल्या ट्रकला उतारावर इंजिनाचा म्हणावा तसा धाक वाटत नाही. एक्झॉस्ट ब्रेक एवढंच करतो, की टर्बोच्या पुढे आणि सायलेन्सरच्या अलीकडे धुराच्या नळीत एक झडप ठेवतो. केबिनमधलं बटण दाबलं की हवेच्या दाबाने झडप मिटते, पंपाकडून येणारं डिझेल बंद होतं आणि पिस्टनांना कोंडलेल्या नळीत हवा रेटत बसावं लागतं. त्यांची ही हमाली गाडीच्या वेगातून वजा होते. ब्रेकचा लायनर झिजत नाही, ड्रम तापत नाही, कोणाचं काही जात नाही. कदाचित म्हणूनच लोकांना यावर विश्वास ठेवणं जड जातं.

हिशेब तर शाळेतला आहे. खंडाळ्याहून खोपोलीला उतरताना गाडी साधारण 500 मीटर खाली येते. 28 टनांची गाडी 500 मीटर खाली आली की जी ऊर्जा मोकळी होते, तीत सुमारे 400 लिटर पाणी खळाखळा उकळेल. ही उष्णता कुठेतरी जायलाच हवी. थोडी वाऱ्यात जाते, थोडी टायर खातात. उरलेली एक तर लायनरमधून जाते, नाही तर इंजिनातून होऊन सायलेन्सरवाटे. तिसरीही एक वाट आहे, ती दरीतून जाते.

माझी गाडी सेकंडहँड. कंपनीतून निघताना तिला एक्झॉस्ट ब्रेक असणार, कारण झडपेच्या जागी सरळ नळीचा एक तुकडा वेल्डिंगने जोडलेला सापडला. मिस्त्रीला विचारलं, हे कोणी केलं असेल? त्याने नळीवरून हात फिरवला आणि म्हणाला, "कुणी का करंना, काम बाकी सफाईदार केलंय."

हे असं का होतं, तेही त्यानेच समजावून सांगितलं. झडपेवर काजळी बसते. रोज वापरली तर झडप हलत राहते आणि काजळी तिथल्या तिथे झडते. वापरली नाही तर झडप अडकते. अर्धवट मिटून अडकली की गाडी ओढत नाही, काळा धूर सोडते. मग ड्रायव्हर गाडी मिस्त्रीकडे आणतो आणि मिस्त्री झडप काढून टाकतो. म्हणजे वापरत नाहीत म्हणून अडकते, अडकते म्हणून काढतात आणि काढली म्हणून वापरत नाहीत. "कटकटच मिटली," मिस्त्री म्हणाला. कटकट मिटण्याबद्दल आपल्याकडे एवढा आदर आहे, की काय मिटलं हे पुढे कोणी विचारत नाही.

नवीन झडप आणली. मिस्त्रीने ती उजेडात धरली, एक डोळा मिटला, मग दुसरा मिटला आणि गंभीर होऊन मला जवळ बोलावलं. "मालक, फसवलं तुमाला. हिला भोक हाय."

झडपेच्या चकतीला खरोखरच एक बारीक भोक होतं. ते मुद्दाम ठेवलेलं असतं. नळी पार बंद केली तर आतला दाब वाढत जातो आणि एका मर्यादेनंतर एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या स्प्रिंगांना तो आवरत नाही. मग व्हॉल्व्ह नको त्या वेळी उघडतो, आणि आत पिस्टन वर येतच असतो. त्या दोघांची भेट झाली की इंजिनाचं काम निघतं. म्हणून कोणत्या इंजिनाला किती उलटा दाब सोसतो, हे इंजिन बनवणाऱ्याने ठरवून दिलेलं असतं. झडप घेताना ती त्या इंजिनासाठीच आहे ना, हे पाहायचं असतं. आकाराने बसते म्हणून बसवायची नसते.

हे सगळं मी सांगितलं. मिस्त्रीने शांतपणे ऐकून घेतलं. "पर भोकातनं हवा निसटणारच की," तो म्हणाला. "दोन टाके मारतो वेल्डिंगचे. ब्रेक कसा कडक लागंल बघा. पैसं नका देऊ त्याचं."

मी नको म्हटलं. बाजारभावाने सांगितलेलं काम नाकारलं तर मिस्त्री विसरून जातो. फुकट देऊ केलेलं काम नाकारलं, की तो कायमचा दुखावतो. अजूनही गाडी गॅरेजला लावली की तो पोराला हाक मारून सांगतो, "भोकवाली गाडी आली रे."

हवेच्या जोडणीवरूनही असंच झालं. झडपेला हवा लागते. ती ब्रेकच्या टाकीतून न घेता वरकामाच्या टाकीतून घ्यायची असते, म्हणजे उद्या पाइप फुटला तरी ब्रेकची हवा शाबूत राहते. मिस्त्रीला ब्रेकची टाकी जवळ पडत होती. "दोन फूट पाइप वाचतो," तो म्हणाला. शिवाय नायलॉनचा पाइप तो थेट टर्बोला खेटून नेत होता, कारण तिथून रस्ता सरळ होता. टर्बोशेजारी नायलॉन किती वेळ तग धरील, असं मी विचारलं. वितळला की बदलू, असं उत्तर आलं. त्याचं खरंच होतं. वितळलेला पाइप बदलता येतो. तो घाटाच्या मध्यावर वितळला तर गाडीत बसलेल्यांचं काय करायचं, हा प्रश्न गॅरेजच्या कक्षेबाहेरचा.

मॅनिफोल्डच्या जोडावर काजळीचे ओघळ होते. म्हणजे गॅस्केट गेलेलं. झडपेच्या आधीच गळती असेल तर दाब धरणार कसा? हे दाखवल्यावर मिस्त्रीने अंगठ्याने काजळी पुसली आणि अंगठा माझ्यापुढे धरला. "गेली बघा."

वायरमनचं म्हणणं सोपं होतं. एक बटण, एक वायर, विषय संपला. माझं म्हणणं होतं, की क्लचच्या पेडलला एक स्विच हवा आणि ॲक्सिलरेटरला एक. क्लच दाबला की चाकांचा इंजिनाशी संबंध तुटतो. त्या वेळी झडप मिटलेली आणि डिझेल बंद असेल तर इंजिन धापा टाकून विझतं. इंजिन विझलं की पॉवर स्टिअरिंग दगड होतं आणि हवा भरणारा कॉम्प्रेसर थांबतो. म्हणून क्लचला पाय लागताक्षणी झडप आपोआप उघडायला हवी. ॲक्सिलरेटर दाबला तरीही उघडायला हवी, नाही तर एका पायाने गाडी पळवायची आणि नळी मात्र कोंडलेली, असा प्रकार होतो.

वायरमनला हा ड्रायव्हरवरचा अविश्वास वाटला. तरी त्याने दोन्ही स्विच बसवले. पहिल्या जोडणीत एक्झॉस्ट ब्रेकचं बटण दाबलं की केबिनमधला दिवा लागायचा. झडप हलत नव्हती, पण बटणाने काहीतरी होतं एवढी ड्रायव्हरची खात्री पटली.

ड्रायव्हर म्हणजे आमचे तात्या. कराडहून साखरेची पोती भरायची, पाटण, कोयनानगर करत कुंभार्ली घाट उतरून चिपळूण गाठायचं आणि येताना चिरे घेऊन यायचं, यात त्यांची हयात गेली. त्यांच्यापुढे यंत्राची बाजू मांडताना माझा आवाज आपोआप खाली येतो.

"मालक," तात्या म्हणाले, "उताराला गाडी आपसूक जातीया. तिला कशापायी कोंडायचं?"

मी म्हटलं, तात्या, न्यूट्रल केली की इंजिन बंद पडू नये म्हणून पंपाला थोडंथोडं डिझेल सोडत राहावं लागतं. गाडी गिअरमध्ये असेल आणि तुमचा पाय ॲक्सिलरेटरवर नसेल, तर चाकंच इंजिन फिरवतात आणि पंप डिझेल सोडायचं बंद करतो. म्हणजे गिअरमध्ये उतरलात तर खर्च शून्य. न्यूट्रलमध्ये उतरलात तर खर्च आहे. ज्या बचतीसाठी आपण जीव टांगणीला लावतो ती बचत मुळात होतच नाही.

तात्यांनी तंबाखू मळणं थांबवलं. "मंग सगळी दुनिया येडी म्हणायची काय?"

या प्रश्नाचं खरं उत्तर तोंडावर देण्याची आपल्याकडे पद्धत नाही. मी विषय बदलला.

काही जण न्यूट्रलवरही समाधान मानत नाहीत, चावीच फिरवतात. मग हवेची टाकी म्हणजे शिल्लक रक्कम. ब्रेकच्या प्रत्येक दाबाला ती कमी होणार आणि भर पडायची सोय नाही. पुण्यात कात्रजच्या नव्या बोगद्यातून नवले पुलाकडे येणाऱ्या उतारावर नोव्हेंबर 2022 मध्ये एका अवजड गाडीने कित्येक वाहनांना ठोकरलं. इंजिन बंद करून गाडी उतारावर सोडली होती, असं प्राथमिक तपासात पुढे आलं. ही हकिगत मी तात्यांना वाचून दाखवली. "नवखा आसंल," ते म्हणाले. जगातले सगळे अपघात नवख्यांचे होतात आणि प्रत्येक जुना ड्रायव्हर हे सांगायला जिवंत असतो, त्यामुळे या मुद्द्यावर पुढे बोलता येत नाही.

ब्रेकने दगा देण्याची ही भीती आपल्याकडचीच आहे असं नाही. 1931 मध्ये अमेरिकेत क्लेसी कमिन्स नावाचा गृहस्थ आपल्याच डिझेल इंजिनाचा ट्रक घेऊन कॅलिफोर्नियातला कॅहोन घाट उतरत होता. ब्रेक गेले. खाली रेल्वेचं फाटक आणि फाटकात मालगाडी. थोडक्यात वाचला. हा मनुष्य इंजिनांचा कारखानदार असल्यामुळे त्याने नवस फेडून विषय मिटवला नाही. इंजिनालाच ब्रेक कसा करावा, हे त्याच्या डोक्यात घोळत राहिलं आणि तीस वर्षांनी, 1961 मध्ये, त्याच्या कल्पनेवरचा इंजिन ब्रेक जेकब्ज कंपनीने बाजारात आणला. तो आपल्या झडपेचा थोरला चुलतभाऊ. नळी कोंडण्याऐवजी तो दाबलेली हवाच ऐन वेळी बाहेर सोडून देतो. ताकद दांडगी आणि आवाजही तसाच. तिकडे कित्येक गावांनी वेशीवर "इथे इंजिन ब्रेक वापरू नका" असे फलक लावले आहेत. थोडक्यात, सुखरूप उतरणाऱ्याबद्दल तक्रार करणारी माणसं तिकडेही आहेत.

आपल्याकडे बोरघाटात शिंग्रोबा आहे. घाटाची वाट दाखवणारा धनगर म्हणून त्याची कथा सांगतात आणि येणारे-जाणारे ड्रायव्हर त्याच्या देवळाशी नाणं टाकतात. मुंबईची खेप असली की तात्याही टाकतात. माझं शिंग्रोबाशी काही वाकडं नाही. नाणं टाकावं. त्याच वेळी गिअरही टाकावा, एवढंच माझं म्हणणं. तीच गोष्ट बंपरच्या लिंबू-मिरचीची. ती दर शनिवारी न चुकता बदलते. लायनर बदलायची वेळ आली की मात्र "अजून एक खेप निघंल" असं ठरतं. लिंबू-मिरचीची एक खेप जास्त काढल्याचं माझ्या ऐकिवात नाही.

यंत्र बसलं तरी वापर बसायला वेळ लागला. "ज्या गिअरने घाट चढायचा, त्याच गिअरने उतरायचा" हा नियम तात्यांना पाठ आहे. क्लीनरला ते तो रोज सांगतात. स्वतःला सांगायची गरज त्यांना वाटत नाही. गिअर माथ्यावरच पाडायचा असतो, वेग अंगाशी आल्यावर नाही. भर उतारात खालचा गिअर टाकायला गेलं आणि तो बसला नाही, तर गाडी न्यूट्रलच. एक्झॉस्ट ब्रेकची ताकद इंजिनाच्या फेऱ्यांवर असते. फेरे कमी असले की तो नुसताच सुस्कारे टाकतो. वरच्या गिअरमध्ये इंजिन रेंगाळत असताना बटण दाबून "लागतच न्हाई की वो हा" असं म्हणण्याचा तात्यांचा प्रघात होता. खालचा गिअर, फेरे चढे पण काटा तांबड्याच्या अलीकडे, मग बटण, असा क्रम धरला की गाडी पाठीमागून कोणी पदर धरावा तशी थबकत जाते.

हा ब्रेक गाडी थांबवत नाही, वेग आवरून धरतो. थांबवायला नेहमीचा ब्रेक लागतोच, आणि तो गार राहिलेला असावा हाच सगळ्या खटाटोपाचा हेतू. नेहमीचा ब्रेक ठणकावून दाबायचा, वेग खाली आणायचा आणि सोडून द्यायचा. तात्यांचा पाय मात्र पेडलवर विसावलेला असायचा, सोप्यात पायरीवर टेकतो तसा. त्यात लायनर सतत घासतो, ड्रम तापतो, फुगतो, लायनरपासून लांब जातो आणि पेडल कितीही दाबा, ब्रेक धरत नाही. करपट वास केबिनपर्यंत येतो. त्या वासाला तात्या "घाटाचा वास" म्हणतात. खाली पोफळीला गाडी लावून तापलेल्या ड्रमवर बादल्या ओतायच्या, हा पुढचा विधी. चर्रर्र आवाज होतो, वाफ निघते, क्लीनरला कर्तव्यपूर्तीचा आनंद मिळतो आणि ड्रमला तडा जातो. ड्रमचं बिल मालकाकडे येतं. पाणी फुकट असतं.

पावसाळ्यात आणखी एक गोष्ट घडली. उन्हाळाभर बटणाला पाय न लावणाऱ्या तात्यांना ऐन आषाढात या यंत्राविषयी एकाएकी जिव्हाळा वाटू लागला. गाडी रिकामी, रस्त्यावर पाणी, वळणावर चिखल, धुक्यात बॉनेटच्या पुढचं दिसत नाही, आणि तात्या हौसेने बटण दाबतायत. एक्झॉस्ट ब्रेक फक्त इंजिनाने फिरणाऱ्या मागच्या चाकांना आवरतो. रिकाम्या गाडीचं मागचं वजन नाही, खाली पकड नाही, तर मागचा भाग बाजूला सरकणार. निसरड्यावर बटण बंद, खालचा गिअर आणि सावकाश, एवढंच करायचं असतं. हे सांगितल्यावर तात्या म्हणाले, "उन्हात दाबा म्हणता, पावसात नगं म्हणता. एक कायतरी सांगा." यंत्रापेक्षा माझ्याच स्वभावात दोष आहे, असं त्यांचं मत झालं असावं.

कारवाल्यांचं गाऱ्हाणं वेगळंच. झडप मिटून गाडी मंदावते तेव्हा मागचे लाल दिवे लागत नाहीत, कारण ते नेहमीच्या पेडलला जोडलेले. मागचा एकदम जवळ येऊन ठेपतो, दचकतो आणि हॉर्न वाजवतो. म्हणून वायरमनकडून मी ते दिवे एक्झॉस्ट ब्रेकलाही जोडून घेतले. आता दिवे घाटभर लागलेले असतात. गाडी थांबतेय असं समजून मागचा थबकतो, गाडी काही थांबत नाही, म्हणून चिडून हॉर्न वाजवतो. मग ओव्हरटेक करून नेमका आमच्यापुढे घुसतो आणि फोनवर बोलत हळू होतो. त्याच्यामागे अठ्ठावीस टन येत आहेत आणि ते थांबायला जागा लागते, ही माहिती त्याला लायसन्ससोबत मिळालेली नसावी.

आता सगळं सुरळीत आहे आणि त्यामुळेच माझी पंचाईत झाली आहे. ब्रेक फेल झाल्याची गोष्ट धाब्यावर रात्र-रात्र चालते. ब्रेक फेल न झाल्याची गोष्ट सांगून पाहिली. पलीकडच्याने भाकरी मागवली. लायनर पूर्वीपेक्षा पुष्कळ टिकतात, त्याचं श्रेय तात्या स्वतःच्या पायाला देतात. "पाय हलका लागतो गड्या," असं ते नव्या पोरांना सांगतात आणि मग बटण कुठे, कधी, कोणत्या गिअरला दाबायचं ते असं समजावतात, की ऐकणाऱ्याला वाटावं, ते यांनीच शोधून काढलं. मिस्त्रीही गिऱ्हाइकांना आमची गाडी दाखवतो. झडपेला भोक का असतं हे तो आता मला समजावून सांगतो, आणि मी मान डोलावतो.

लायनरच्या दुकानदाराशी मात्र संबंध बिघडले ते बिघडलेच. पूर्वी वर्षाअखेरीला तो आठवणीने कॅलेंडर पाठवायचा, चांगलं मोठं, तिथी-नक्षत्रांसकट. यंदा आलं नाही. रस्त्यात भेटला तेव्हा "हल्ली येणं नाही तुमचं" एवढंच म्हणाला. आता एकादशी कधी आहे हे विचारायला सौभाग्यवतींना शेजारी जावं लागतं, आणि परत आल्यावर त्या या एक्झॉस्ट ब्रेकबद्दल जे बोलतात ते मी इथे नोंदवलेलं नाही.